बिराप्पाचे स्पीकर

१

दुपारी दोनला गावातली पिठाची गिरणी बंद व्हायची आणि विजेचा दाब जरा ठिकाणावर यायचा. म्हणून नाथाजी रोज दोनच्या ठोक्याला मागच्या अंगाच्या खोलीत जाऊन बसे. खोली पूर्वी धान्याची होती. जाड भिंती, एकच दार, खिडकी नाही. भिंतींना त्याने घोंगडी टांगली होती, जमिनीवर पोती अंथरली होती. मधोमध टेबल, त्यावर इंग्लंडहून आणलेला स्पूलचा टेपरेकॉर्डर. कोपऱ्यात एक जुनं जातं गोणपाटाखाली पडून होतं. ते तिथंच असू दे, असं त्यानेच सांगितलं होतं.

चार वर्षं ध्वनियंत्रांचं शिक्षण घेऊन तो परतला तेव्हा कराडच्या बाजारपेठेपासून म्हसवडच्या पाव्हण्यांपर्यंत सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की पोरगं आता साखर कारखान्यात साहेब होणार. त्याने जाहीर केलं की तो बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करणार. लोक हसले. त्याला हसण्याचा राग नव्हता. गिरणीचा पट्टा फिरायला लागला आणि दोन-चार वर्षांत घराघरातल्या बायांची तोंडं मिटली, याची कुणालाच चीड येत नाही, याची त्याला चीड होती.

आता गावात मनापासून ओव्या गाणारी एकच उरली होती. अंबूबाई. तिने त्याला लहानपणी कडेवर खेळवलं होतं. तो तिला आत्या म्हणे. तिच्या गळ्यात गाठ आली होती आणि येत्या गुरुवारी तिला मिरजेच्या दवाखान्यात नेऊन गाठ काढायची होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज राहायचा नाही.

म्हणजे बुधवारपर्यंत काय ते. आणि नाथाजीकडे कोरी फीत एकच उरली होती. बाकीच्या बंदरावरच्या साहेबांनी कसल्याशा नियमाखाली ठेवून घेतल्या होत्या, त्या ठेवूनच घेतल्या.

शिवाय अडलं होतं स्पीकरवर. तिकडच्या स्टुडिओतला म्हातारा तंत्रज्ञ त्याला सांगायचा, गाणं गोड करून ऐकवणारा स्पीकर दिवाणखान्यात ठेवावा. काम करायचं तर आपल्या चुका तोंडावर सांगणारा पाहिजे. असा स्पीकर जहाजातून आणण्याची नाथाजीची ऐपत नव्हती. फलटणला बंद पडलेल्या तंबू थिएटरचा कर्णा त्याने ऐकून पाहिला. त्यातून अंगाईसुद्धा निवडणुकीच्या भाषणासारखी आली असती. साताऱ्याच्या दुकानदाराने सागवानी पेटीतली चकचकीत जोडी आठ दिवस ऐकायला दिली. काहीही लावलं तरी ते स्पीकर त्याला लोणी फासत. आजारी बाईचा घसाही त्यांच्यातून नवरीसारखा लाजत आला असता.

"खोटारडे आहेत साले," नाथाजी एकटाच म्हणाला.

२

सांगलीत गणपतीच्या देवळामागच्या बोळात बिराप्पा रेडिओ दुरुस्त करी. जतच्या बाजूचा माणूस, साठीचा, कानावर पेन्सिल. त्याच्याकडे भंगारातल्या रेडिओंचे कागदी पडदे बसवून स्वतः ठोकलेल्या आंब्याच्या फळ्यांच्या पेट्या होत्या. रंग नाही, जाळी नाही.

"ग्वाड पायजे का खरं पायजे, सायेब?" त्याने आधीच विचारलं.

"खरं."

"समदे आसंच म्हनत्यात. आठ दिसानं परत आणत्यात."

"का?"

"घरात कोन काय बोलतंय ते धड ऐकाय यायला लागलं की मानसाला झेपत न्हाई." बिराप्पा हसला, आणि हसता हसता त्याने वायर जोडली. खरखरीत, कोरडा, काही लपवून न ठेवणारा आवाज आला. बातम्या देणाऱ्याने कागद उलटला तेही ऐकू आलं.

नाथाजीने तिथल्या तिथे जोडी घेतली.

"आनि एक," दोरी बांधताना बिराप्पा म्हणाला. "स्पीकर नुसता बोलतोय आसं समजू नका. तार दुसऱ्या अंगाला जोडली की त्योच ऐकतोय बी."

"ठाऊक आहे मला. त्याचंच शिक्षण घेऊन आलोय."

"आलाय व्हय," बिराप्पा म्हणाला. "मग बरं हाय."

एस.टी.त दोन्ही पेट्या मांडीवर घेऊन येताना नाथाजी त्या 'बरं हाय'वर कराडपर्यंत धुमसत होता.

३

सोमवारी अंबूबाई आली. दारापाशी क्षणभर थबकली, मग पदर डोक्यावर घेऊन आत आली आणि गोणपाट बाजूला करून जात्याशी बसली. सुपात तिने घरून ज्वारी आणली होती.

नाथाजीने माईक लावला, दोन मिनिटं ऐकलं आणि हात वर केला.

"आत्या, दाण्यांचा चरचराट लई येतोय. गाणं बुडतंय त्यात. जात्यात काही घालू नका, नुसतं फिरवा."

तिने खुंट्यावरचा हात काढून घेतला. "रिकामं?"

"हो."

"न्हाई बाळ. रिकामं जातं फिरवत न्हाईत."

"का फिरवत नाहीत?"

"न्हाई फिरवत."

"हेच! हेच आपलं! कारण विचारलं की 'न्हाई फिरवत'! जग कुठं गेलं आत्या, आणि आपण दगडाला भ्यायचं?" त्याचा आवाज चढला. "गुरुवारी तुमचा गळा जाणार आहे. मागं काही राहायला नको? फीत एवढी एकच आहे माझ्याकडे!"

अंबूबाईने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणापासून ती त्याला अरेतुरे करत आली होती.

"तुमी म्हनाल तसं, मालक," ती म्हणाली. "घर तुमचं. जातं तुमचं."

हे त्याला लागलं. पण तोवर फीत फिरायला लागली होती.

दगडावर दगड घरघरला. त्या आवाजाने खोलीला कसलातरी तळ आला, आतापर्यंत नव्हता तसा. अंबूबाई गायली:

*दळन दळीते गं, हात खुंट्याला बांधीते…*

आणि थांबली. जातं फिरत राहिलं. दोन फेऱ्या झाल्या तरी ती गप्पच.

"थांबता कशाला?"

"दुसरी वळ तिची आसती."

"कुणाची?"

"जोडीदारनीची. जात्यावर दोघी आसत्यात. एकीनं घालायची, दुसरीनं उचलायची." तिने घसा खाकरला आणि दुसरी ओळ स्वतःच म्हटली: *माझ्या म्हायेराच्या वाटे जीव मोकळा सोडीते.*

पुढच्या प्रत्येक ओवीला ती तशीच थांबली. दर वेळी दोन फेऱ्या. जुनी खोड, नाथाजीने वहीत टिपून ठेवलं.

जाताना दारात ती म्हणाली, "आवाज बंद झाला की लगीच उठायचं नसतं बाळ. जात्याला हात लावून बसायचं जरा." नाथाजी वायरी गुंडाळत होता.

४

मंगळवारी त्याने फीत लावली. आधी साताऱ्याच्या जोडीवर. सुरेख. नको इतकं सुरेख.

मग बिराप्पाच्या पेट्या. अंबूबाईच्या घशातली घरघर, खुंट्याची कुरकुर, बांगडी दगडाला लागलेली, सगळं जसंच्या तसं. पहिली ओळ संपली. जात्याच्या दोन फेऱ्या. आणि त्या दोन फेऱ्यांच्या मध्ये कुणीतरी श्वास घेतला.

गाणारा माणूस ओळ उचलण्याआधी घेतो तसा. पण ओळ आलीच नाही. श्वास घेतला आणि गिळला.

नाथाजीने फीत मागे घेतली. पुन्हा. पुढच्या ओवीलाही होता. त्याच्या पुढच्यालाही. अंबूबाईचा श्वास आजारी होता, शिट्टी वाजल्यासारखा. हा तसा नव्हता. ही छाती तरणी होती.

तो घाबरला नाही, चिडला. फितीच्या एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. मग तो हेडफोनमध्येही यायला हवा. त्याने हेडफोन लावला. नव्हता. रेकॉर्डरवरची आवाजाची पातळी दाखवणारी सुईसुद्धा त्या जागी पडून होती. म्हणजे फितीवर काहीच नाही. म्हणजे बिराप्पाने फाटका पडदा गळ्यात मारला. त्याने डावी पेटी उजवीकडे लावली, उजवी डावीकडे. श्वास आपल्या जागेवरच राहिला, जात्याच्या कोपऱ्याकडे. शेवटी सगळा संसार उचलून त्याने ओसरीवर मांडला. तिथं त्याच पेट्यांतून तीच फीत स्वच्छ वाजली. दोन फेऱ्या, मध्ये काही नाही.

परत आत आणलं. श्वास होता.

"हरामखोर," तो म्हणाला. पण कुणाला, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

५

"आबा, अंबूआत्याबरोबर जात्यावर कोण बसायचं?"

नाथाजीचे वडील हंबीरराव ओसरीवर पान जुळवत होते. सत्तरीला टेकलेला, उसाच्या फडासारखा ताठ माणूस. त्यांनी चुना लावून पूर्ण केला.

"बाया दळायच्या. कोन कोन ते ध्यानात ठिवत बसायचं का?"

"तिची जोडीदारीण होती म्हणते ती."

"आसंल. ती खोली मला रिकामी करून दी. खताची पोती येनार हायती."

"गुरुवारनंतर. तुम्हीच कबूल केलं होतं."

"केलं हुतं."

ते बोलत बोलत उठले आणि खोलीच्या दारापाशी गेले. उंबरठ्याच्या आत पाऊल नाही. नाथाजीच्या लक्षात आलं की आबा त्या खोलीत गेलेले त्याने कधी पाहिलेच नाहीत. हंबीररावांचा हात दाराच्या बाहेरच्या कडीवर गेला. ती मोकळी लोंबत होती. त्यांनी ती बोटांनी चाचपली, अंधारात माणूस किल्ली चाचपतो तशी, आणि हात धोतराला पुसला.

धान्याच्या खोलीला बाहेरून कडी असायचीच. चोराचिलटाची भीती. त्यात काय? पण जेवताना, झोपताना नाथाजीला तो पुसलेला हात दिसत राहिला.

६

बुधवारी त्याने ठरवलं, तर्कानेच या भानगडीचा निकाल लावायचा. जो बोलतो त्यालाच ऐकू दे. बिराप्पाची एक पेटी त्याने जात्यासमोर ठेवली, तार उलटी जोडली, रेकॉर्डर बाहेर ओसरीवर घेतला. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून कडी घातली. सोमवारचं ध्वनिमुद्रण होतं त्याच फितीवर तो आता भरणार होता. त्या श्वासाने ते बिघडलंच होतं आणि तीनला अंबूबाई पुन्हा गाणार होती. आत कुणी नाही. सुई हलणार नाही. झालं.

दोनला गिरणी थांबली. उन्हात अंगण पांढरं पडलं होतं. त्याने कळ दाबली, हेडफोन चढवला.

सुई पडून होती. मिनिट. दोन मिनिटं. त्याला हसू यायला लागलं.

मग ती हलली. थोडीशी. पडली. पुन्हा हलली. कानात दगडावर दगड घरघरत होता.

"तू हितं बसलायस व्हय," अंबूबाईचा आवाज आला. ती लवकरच आली होती. तिने ओसरीवरच्या वायरीकडे पाहिलं, मग घातलेल्या कडीकडे पाहिलं, आणि मिरजेला न जाताच तिचा आवाज गेल्यासारखी ती उभी राहिली.

"कडी कुनी घातली?"

"मी. आत्या, आत कोण आहे?"

ती दाराला पाठ लावून खाली बसली. सवयीची जागा असावी तशी.

"रंगूबाई. तुझी थोरली चुलती."

"मला चुलती होती?"

"तुझा चुलता लष्करात हुता. तू जलमला नव्हतास. तिच्यावर काय आळ आला, कुनी घातला, ते मी बोलनार न्हाई, मेल्यांचं त्यांच्यापाशी. आत कोंडली तिला. दळान सरलं की दार उघडू म्हनले. चार पायल्या जुंधळं. म्या हितं बसायची. हितनं वळ घालायची, ती आतनं उचलायची. तेवढाच तिला माझा आधार. दाने कवाच सरले, बाळ. दुसऱ्याच दिशी. पर जातं थांबलं की ती काम करीत न्हाई म्हनायचे. म्हनून ती फिरवीत ऱ्हायली. रिकामंच. समद्या गावानं ऐकलं. पान्याला जाता येता ऐकलं. मग एक दिस जातं थांबलं, ती फिरवता फिरवताच गेली."

नाथाजीच्या अंगात संतापाची अशी लाट उठली की त्याला डोळ्यांसमोर अंगण दिसेना. त्याच घरात तो वाढला होता. त्याच अंगणात.

"आणि कुणी कडी काढली नाही? एक माणूस नव्हता गावात?"

अंबूबाईने मान दाराला टेकली, डोळे मिटले आणि उरलेल्या सगळ्या गळ्यानिशी ओळ घातली:

*माझ्या आंगनात गं, पाय वाजती कुनाचं…*

ही ओवी सोमवारी झाली होती. दुसरी ओळ नाथाजीला पाठ होती: भाऊ आला मुराळी, घोडं थांबलं तयाचं. अंबूबाई गप्प बसली. जात्याच्या दोन फेऱ्या. श्वास. सुई एकदम वर उसळली, आणि हेडफोनमध्ये, अगदी पेटीला तोंड लावल्यासारखी, दुसरी ओळ आली:

*कडी काढाया हात न्हाई, कान मोठं ह्या जनाचं.*

स्वच्छ. खरखर नाही, घुमणं नाही. आयुष्यात इतकं निर्मळ ध्वनिमुद्रण त्याने केलं नव्हतं.

दार हललं. आतून बाहेर. कडी ताणली गेली, कोयंड्यात किरकिरली आणि ताणलेलीच राहिली.

"नाथा!" अंगणाच्या टोकाला हंबीरराव उभे होते, हातात खताच्या पोत्यांची दोरी. "कडीला हात लावायचा न्हाई."

नाथाजी उठला. त्याचा हात कडीपर्यंत गेला. थंड लोखंड बोटांखाली थरथरत होतं. आबांना तो भीत नव्हता. ते त्याला नंतर स्वतःशी कबूल करावं लागलं. त्याची नजर मागे वळून सुईवर गेली होती. अंबूबाईने पुढची ओळ घातली होती आणि सुई नाचत होती. दार उघडलं तर हे थांबेल, त्याच्या मनात आलं. एवढी ओवी होऊ दे. एवढी एकच.

मग आणखी एक झाली. मग आणखी.

फीत संपली. शेपूट फटफट फटफट करत फिरत राहिलं. अंबूबाईचा गळा त्याआधीच बसला होता. ती नुसते ओठ हलवत होती. तिने डोळे उघडले, त्याच्या कानांवरच्या हेडफोनकडे पाहिलं आणि घोगऱ्या, फुटक्या आवाजात शेवटचं बोलली:

"तवा बी समदे ऐकतच हुते."

कडी सैल पडली होती. त्याने दार उघडलं. आत कुणी नव्हतं. जातं गप्प होतं. त्याच्याभोवती, अंथरलेल्या पोत्यांवर, राखाडी भुकटीची रास पडली होती. दगडाचं पीठ. सूप भरून वर उरेल एवढं.

७

अंबूबाई मिरजेहून परत आली ती गळ्याला पट्टी बांधून. जीव वाचला. बोलणं गेलं.

तिच्या आवाजाचं मागं राहिलं ते एवढंच, बुधवारचं, दारापलीकडून आलेलं. साताऱ्याच्या जोडीवर लावलं तर तिच्या ओळी जात्याच्या घुमण्यात बुडून जातात आणि गोड गुणगुणणं तेवढं राहतं. हंबीररावांनी ओसरीवरून एकदा ऐकलं.

"ह्येच ठेव," ते म्हणाले. "कानाला बरं लागतंय."

"ते बरं लागावं म्हणूनच बनवलेत, आबा," नाथाजी म्हणाला. दुसऱ्याच दिवशी त्याने ती जोडी साताऱ्याला परत केली, आणि परत आल्यावर खोलीच्या दाराची कडी कोयंड्यासकट उपटून कृष्णेत टाकली. त्याने काही होत नाही, हे त्याला टाकतानाच कळलं होतं. खताची पोती गोठ्यात पडून आहेत.

आता दोनला गिरणी थांबली की तो बिराप्पाच्या पेट्या लावतो. अंबूबाई येऊन जात्याला हात लावून बसते. पेट्या काही लपवून ठेवत नाहीत. पलीकडून अंबूबाईची ओळ येते, लांबून, पण एकेक अक्षर सुटं. मग ऐकणारी पेटी त्या दिवशी खोलीत असल्याने खोलीतून ऐकू यावं तसंच सगळं ऐकू येतं: दाराबाहेर पावलं थांबतात. घागरीतलं पाणी हिंदकळतं. कुणीतरी खोकतं, कुणीतरी पोराला चूप करतं. बुधवारी अंगणात तिघंच होते. फितीवर गाव आहे.

त्या सगळ्यांच्या पुढे, दाराला अगदी लागून, एक तरुण पुरुष उभा आहे. त्याचा श्वास संतापाने जोरजोरात चाललेला आहे. त्याचा हात कडीवर पडतो. कडी एकदा वाजते.

दर वेळी ती वाजली की अंबूबाई मान वर करते, आणि नाथाजी, फितीवर पुढे काय आहे ते पुरतं ठाऊक असूनही, श्वास धरून बसतो. आज तरी तो माणूस कडी काढेल.

मग पुढची ओळ सुरू होते.